डॉ. हेडगेवार यांचें चरित्र : बखर आणि अस्सल कागद

राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या स्थापनेस इ. स. २०२५ च्या विजयादशमीस शंभर वर्षें पूर्ण झालीं. त्या निमित्तानें संघाचे संस्थापक डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांच्या चरित्राविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. त्यांतील कांहीं लेखन भक्तीचें होतें, कांहीं रोषाचें. हें दोन्ही प्रकारचें लेखन शेजारीं शेजारीं ठेवून वाचलें असतां एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. निष्कर्ष परस्परविरुद्ध असले तरी दोन्ही पक्षांचे आधार बहुधा एकच आहेत. आणि ते आधार कोणत्या प्रतीचे आहेत ह्याची चौकशी दोन्ही पक्षांतील फारच थोड्यांनीं केली आहे. ती चौकशी करणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. डॉक्टरांच्या राजकारणाचा पुरस्कार अथवा धिक्कार येथें करावयाचा नाहीं. एका सार्वजनिक पुरुषाच्या आयुष्यांतील कोणती गोष्ट कागदानें सिद्ध होते, कोणती केवळ आठवणीवर उभी आहे आणि कोणती निव्वळ ऐकीव आहे, हें निवडून पाहणें आमच्या वाचकांच्या नेहमींच्या अभ्यासांतलेंच आहे.

कै. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड इ. स. १८९८ त काढला. तेव्हांपासून महाराष्ट्रांतील संशोधकांनीं एक नियम स्वीकारला आहे. बखरींतील मजकूर अस्सल पत्रांशीं ताडून पाहिल्याखेरीज ग्राह्य धरावयाचा नाहीं, हा तो नियम होय. बखर खोटीच असते असा त्याचा अर्थ नव्हे. बखरकार प्रामाणिक असूं शकतो, त्यानें चरित्रनायकास पाहिलेलेंहि असूं शकतें. परंतु तो घडून गेल्यावर लिहितो आणि शेवट ठाऊक असतां लिहितो. शेवट ठाऊक असला म्हणजे आरंभाला त्या शेवटाचा रंग चढतो. सतराव्या शतकाच्या चरित्रांस लावलेला हा नियम विसाव्या शतकाच्या चरित्रांस मात्र आपण लावीत नाहीं. माणूस आपल्या आजोबांच्या काळचा असला म्हणजे त्याच्याविषयीं सर्व कांहीं ठाऊकच आहे असा आपला समज होतो. हा समज निराधार आहे.

डॉक्टरांचें निधन ता. २१ जून १९४० रोजीं नागपुरास झालें. त्यांचें विस्तृत मराठी चरित्र ना. ह. पालकर यांनीं लिहिलें, तें त्यानंतर सुमारें वीस वर्षांनीं प्रसिद्ध झालें. सभासदानें आपली बखर शिवछत्रपतींच्या निधनानंतर सुमारें पंधरा वर्षांनीं जिंजीस लिहिली. मल्हार रामराव चिटणिसानें आपली बखर शंभरांहून अधिक वर्षांनीं लिहिली. या मापानें पाहतां पालकरांचें स्थान सभासदाच्या पंक्तींत आहे, चिटणिसाच्या नव्हे. चरित्रनायकासह वावरलेलीं माणसें तेव्हां हयात होतीं आणि पालकरांनीं त्यांच्या आठवणी चिकाटीनें मिळविल्या. हे श्रम झाले नसते तर त्या आठवणी त्या त्या माणसांबरोबरच गेल्या असत्या. त्याचें श्रेय आम्ही मोकळ्या मनानें देतों. परंतु पुढील बहुतेक चरित्रें पालकरांवरूनच उतरलीं आहेत. आणि एकाच मूळ प्रतीवरून झालेल्या दहा नकला म्हणजे दहा साक्षी नव्हेत, हें हस्तलिखितांच्या संग्राहकांस सांगावयास नको.

कागद कमी कां, ह्याचा विचार प्रथम केला पाहिजे. डॉक्टरांनीं ग्रंथ लिहिला नाहीं, आत्मचरित्रहि लिहिलें नाहीं. त्यांनीं उभारलेल्या संस्थेचा व्यवहार मुख्यत्वें तोंडीं चाले. मैदानावरची भेट, घरची बैठक, प्रवासांतील ओळख ह्यांवर त्यांचा भर असे. संघास लेखी घटना इ. स. १९४९ पर्यंत नव्हती, इ. स. १९४८ च्या फेब्रुवारींत घातलेली बंदी उठविण्याच्या वेळीं ती तयार करावी लागली. त्याच १९४८ सालीं, गांधीजींच्या खुनानंतर, महाराष्ट्रांत अनेक ठिकाणीं घरें व वाडे जाळले गेले. कोणा घरचें किती दफ्तर त्या आगींत गेलें ह्याची मोजदाद झालेली नाहीं. झडतीच्या भयानें लोकांनीं स्वतःच्या हातांनीं चुलींत घातलेले कागदहि थोडे नसावेत. सारांश, कागदांची उणीव येथें दोन कारणांनीं आली आहे : एक संस्थेची रीत आणि दुसरें काळाचा आघात. उरलें त्याची किंमत त्यामुळें वाढते.

आतां एकेक प्रकरण घेऊं. जन्माविषयीं वाद नाहीं. चैत्र शुद्ध प्रतिपदा, शके १८११, म्हणजे ता. १ एप्रिल १८८९, नागपूर. घराणें मूळचें गोदावरीकांठच्या कंदकुर्तीचें. हें गांव आज तेलंगणांत निजामाबाद जिल्ह्यांत आहे. इ. स. १९०२ त प्लेगनें आईबाप एकाच दिवशीं गेले, त्या वेळीं केशवाचें वय तेरा वर्षांचें होतें. ही कुटुंबाच्या स्मरणांतील गोष्ट आहे, आणि मृत्यूच्या बाबतींत घराण्याचें स्मरण सहसा चुकत नाहीं. ती आम्ही ग्राह्य धरतों. परंतु व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची, म्हणजे इ. स. १८९७ ची, मिठाई आठ वर्षांच्या केशवानें फेंकून दिली, किंवा सीताबर्डीच्या किल्ल्यावरील निशाण उतरविण्यासाठीं मुलांनीं भुयार खणावयास घेतलें, ह्या कथांची प्रत निराळी आहे. अशा प्रसंगाचा समकालीन कागद असण्याचा संभवच नाहीं. कारण हा मुलगा पुढें कोण होणार हें तेव्हां कोणासच ठाऊक नव्हतें. बालशिवाजीनें विजापूरच्या दरबारांत मुजरा केला नाहीं ही कथाहि अशाच वर्गांतली. ती खोटी ठरवितां येत नाहीं आणि खरीहि ठरवितां येत नाहीं. तिच्यावरून चरित्रकाराच्या काळची भावना कळते. बालकाच्या मनाचा इतिहास तिच्यावरून लिहूं नये.

शाळेंतून काढून टाकल्याची गोष्ट याहून बळकट आहे. विद्यार्थ्यांच्या राजकारणास बंदी करणारें रिस्ले सर्क्युलर इ. स. १९०७ त निघालें. त्या धामधुमींत नागपूरच्या नील सिटी हायस्कुलांत तपासनीस आले असतां मुलांनीं 'वंदे मातरम्'चा घोष केला आणि त्यापायीं केशवरावांस शाळा सोडावी लागली. हा प्रसंग चार भिंतींआडचा नाहीं. तो शेंकडों मुलांसमक्ष घडला. सार्वजनिक प्रसंगाची आठवण खासगी प्रसंगाच्या आठवणीहून अधिक विश्वसनीय असते, कारण तिला दुरुस्त करणारे अनेक असतात. घोषाची युक्ति एकट्या केशवरावांची होती कीं कसें, हा प्रश्न मात्र पुन्हां दुसऱ्या प्रतीच्या साक्षीवर जाऊन थांबतो.

कलकत्त्याच्या वास्तव्याचेंहि असेंच दोन भागांत विभाजन करावें लागतें. इ. स. १९१० त डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांच्या साहाय्यानें ते कलकत्त्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजांत गेले, इ. स. १९१४ त परीक्षा उतरले व पुढें नागपुरास परतले, एवढें निश्चित. अनुशीलन समितीशीं त्यांचा संबंध आला हें सहकाऱ्यांच्या उत्तरकालीन आठवणींवरून सांगितलें जातें, आणि तें संभवनीयहि आहे. परंतु कोणी त्यांस समितीचा अंतरंग सभासद म्हणतो, कोणी केवळ परिचित म्हणतो. गुप्त मंडळी नोंदवही ठेवीत नाहीं. म्हणून 'संबंध होता' एवढेंच विधान करावें आणि त्या संबंधाचा अधिकार किती मोठा होता हें पुराव्यावांचून वाढवूं नये.

इ. स. १९२० ते १९२२ हा काळ आमच्या दृष्टीनें चरित्रांतील सर्वांत उजेडाचा भाग आहे, कारण येथें परक्या हातचे कागद मिळतात. लोकमान्यांचें निधन ता. १ ऑगस्ट १९२० रोजीं झालें. नागपूरच्या काँग्रेसचें अध्यक्षपद अरविंद घोष यांनीं स्वीकारावें म्हणून मुंजे व हेडगेवार पाँडिचेरीस गेले, असें चरित्रकार सांगतात. अध्यक्षपद नाकारणारें अरविंदांचें मुंज्यांस लिहिलेलें ता. ३० ऑगस्ट १९२० चें पत्र छापलेलें आहे. म्हणजे विनंती झाली होती हें अस्सल पत्रानें सिद्ध झालें; हेडगेवार बरोबर होते ही गोष्ट मात्र आठवणीवर राहिली. एकाच वाक्यांतील दोन विधानांच्या पुराव्याची प्रत अशी वेगळी असते. वाचकांनीं ह्या उदाहरणाचा कित्ता पुढील सर्व प्रकरणांस लावावा.

त्या डिसेंबरांत नागपुरास काँग्रेस भरली. डॉ. ल. वा. परांजपे यांच्यासह हेडगेवारांनीं स्वयंसेवकांची व्यवस्था पाहिली. पुढें काटोल व भरतवाडा येथील भाषणांवरून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि ऑगस्ट १९२१ त त्यांस एक वर्षाची सक्तमजुरीची शिक्षा झाली. जुलै १९२२ त ते सुटले. खटला म्हटला कीं कागद आलाच : फिर्याद, जबान्या, आरोपीचें निवेदन, निकाल. 'आरोपीचा बचाव त्याच्या मूळ भाषणांहूनहि अधिक राजद्रोही आहे' अशा आशयाचे न्यायाधीशाचे उद्गार प्रत्येक चरित्रांत येतात. ते फार खुमासदार आहेत, आणि म्हणूनच चरित्रावर विसंबून न राहतां मूळ मिसल व त्या आठवड्याचीं वृत्तपत्रें ह्यांशीं ते ताडले पाहिजेत. गोपाळराव ओगले यांचा नागपूरचा 'महाराष्ट्र' इ. स. १९१४ पासून निघत होता. डॉक्टरांच्या आयुष्यांतील या दहा-पंधरा वर्षांस त्याच्या फायलींइतकें जवळचें साधन दुसरें नाहीं. असें असतां चरित्रांतून त्याचा उपयोग जेवढा व्हावयास पाहिजे तेवढा झालेला नाहीं, हा आमचा पहिला मोठा आक्षेप आहे.

आतां मुख्य प्रकरण, संघाच्या स्थापनेचें. तारीख विजयादशमी, ता. २७ सप्टेंबर १९२५, स्थळ डॉक्टरांचें नागपुरांतील घर. ह्याविषयीं मतभेद नाहीं. परंतु त्या दिवशीं कोण कोण हजर होते ह्याच्या दोन याद्या प्रचलित आहेत. एका यादींत हेडगेवारांसह मुंजे, बाबाराव सावरकर, ल. वा. परांजपे व तोळकर हीं नांवें येतात. दुसरींत भाऊजी कावरे, अण्णा सोहोनी, विश्वनाथराव केळकर, बाळाजी हुद्दार, बापूराव भेदी हीं येतात. पहिल्या यादींत त्या काळच्या हिंदु राजकारणांतील थोर मंडळी आहे. दुसरींत डॉक्टरांच्या भोंवतीं वावरणारे स्थानिक सहकारी आहेत. दोन्ही याद्या खऱ्या असूं शकतात, कारण बैठका एकाहून अधिक झाल्या असतील आणि कालांतरानें त्या आठवणींत एक झाल्या असतील. परंतु आमचें लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जातें. ज्यांस संघ हें हिंदु महासभेचें अपत्य ठरवावयाचें असतें ते पहिली यादी पुढें करितात. ज्यांस तो एका पुरुषाच्या स्वतंत्र प्रतिभेचें फळ ठरवावयाचा असतो ते दुसरी यादी पुढें करितात. म्हणजे यादी निवडली कीं निष्कर्षहि निवडला जातो. त्या दिवसाचा समकालीन कागद हातीं येईपर्यंत दोन्ही याद्या नोंदवाव्या आणि एकीवर इमारत उभारूं नये, हेंच प्रामाणिकपणाचें होय.

ह्याच प्रकरणांत आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. १९२५ च्या दसऱ्यास ह्या संस्थेस नांवच नव्हतें. 'राष्ट्रीय स्वयंसेवक संघ' हें नांव एप्रिल १९२६ च्या बैठकींत ठरलें. त्या वेळीं 'जरीपटका मंडळ' व 'भारतोद्धारक मंडळ' हीं नांवेंहि विचारांत होतीं. जरीपटक्याचें नांव सुचावें ह्यांत नवल नाहीं. ही मंडळी भोसल्यांच्या नागपुरांत वाढली होती, त्यांची शाखा महालांतील मोहित्यांच्या पडक्या वाड्यांत भरूं लागली, आणि इ. स. १९२९ च्या नोव्हेंबरांत अधिकारपदें ठरलीं तेव्हां त्यांत 'सरसंघचालक' व 'सरकार्यवाह' यांच्या जोडीस 'सरसेनापति' हें पदहि होतें. मराठेशाहीच्या स्मृतीचें हें ऋण उघड आहे. चरित्रकार मात्र अनेकदां सारी रचना १९२५ च्या दसऱ्याच्या दिवशींच सिद्ध होती अशा थाटानें लिहितात. कागद सांगतात तें निराळें आहे. आधीं माणसें जमलीं, मग नांव आलें, मग १९२७ चा शिक्षणवर्ग, १९२८ ची गुरुदक्षिणा, मग पदें. हळूहळू, चाचपडत वाढलेली ही गोष्ट आहे. आमच्या मतें डॉक्टरांची खरी कर्तबगारी ह्या चाचपडण्यांतच दिसते. एका दिवसांत सिद्ध झालेल्या चमत्काराच्या कथेनें ती उलट झांकली जाते.

इ. स. १९३० च्या बाबतींत अस्सल कागद हातीं असूनहि त्याचें वाचन कसें अर्धवट होतें हें पाहण्यासारखें आहे. काँग्रेसनें पूर्ण स्वातंत्र्याचें ध्येय स्वीकारल्यानंतर ता. २६ जानेवारी हा स्वातंत्र्यदिन पाळावयाचें ठरलें. डॉक्टरांनीं ता. २१ जानेवारी १९३० रोजीं शाखांस परिपत्रक धाडून तो दिवस साजरा करण्यास व काँग्रेसचें अभिनंदन करण्यास सांगितलें. त्याच परिपत्रकांत वंदन करावयाचा राष्ट्रध्वज म्हणून भगव्या ध्वजाचा निर्देश आहे. भक्त पहिला भाग वाचतात आणि डॉक्टर काँग्रेसबरोबर होते असें म्हणतात; टीकाकार दुसरा भाग वाचतात आणि ते राष्ट्राच्या प्रवाहाबाहेर होते असें म्हणतात. परिपत्रक एकच आहे. तें संपूर्ण वाचणाऱ्यास डॉक्टर ध्येयापुरते काँग्रेसच्या जवळ आणि प्रतीकापुरते तिच्याहून वेगळे, असे एकाच वेळीं दिसतात.

त्याच सालच्या जुलैंत यवतमाळ भागांतील जंगल सत्याग्रहांत त्यांनीं भाग घेतला. त्यांस नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि अकोल्याच्या तुरुंगांत ते राहिले. परंतु जाण्यापूर्वीं सरसंघचालकपद त्यांनीं परांजप्यांकडे सोंपविलें. संस्था म्हणून संघ सत्याग्रहांत उतरला नाहीं. येथेंहि दोन्ही पक्ष एकेक अर्धें घेऊन निघतात. व्यक्ति तुरुंगांत गेली हें खरें. संस्था बाहेर ठेवली हेंहि खरें. हे दोन निर्णय एकाच माणसानें एकाच वेळीं घेतले. ते कां घेतले, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे, आणि अर्धा कागद वाचणाऱ्यास तो पडतच नाहीं.

परपक्षाच्या साक्षीचें एक उत्तम उदाहरण गांधीजींच्या वर्ध्याच्या भेटीचें आहे. डिसेंबर १९३४ त गांधीजींनीं वर्ध्याजवळचें संघाचें शिबिर पाहिलें. ह्यास केवळ संघीय आठवणींचा आधार असता तर आम्ही ती गोष्ट दुसऱ्या प्रतींत टाकली असती. परंतु ता. १६ सप्टेंबर १९४७ रोजीं दिल्लींत स्वयंसेवकांसमोर बोलतांना गांधीजींनीं स्वतः त्या जुन्या भेटीचा उल्लेख केला. जमनालाल बजाज आपणांस तेथें घेऊन गेले होते, आणि तेथील शिस्त, साधेपणा व अस्पृश्यतेचा अभाव पाहून आपण प्रभावित झालों होतों, असें ते म्हणाले. त्याच भाषणांत त्यांनीं केवळ सामर्थ्य पुरेसें नाहीं असा इशाराहि दिला, तो उद्धृत करणारांनीं गाळूं नये. भेट ह्याप्रमाणें निःसंशय ठरते. मात्र गांधीजी व डॉक्टर ह्यांच्यामध्यें त्या सुमारास झालेला म्हणून जो लांबलचक संवाद चरित्रांत येतो, तो उपस्थितांच्या आठवणीवरून रचलेला आहे. भेट पहिल्या प्रतीची, संवाद दुसऱ्या प्रतीचा. दोहोंस एकाच वजनानें तोलूं नये.

आतां टीकाकारांच्या एका आवडत्या पुराव्याकडे वळूं. मुंज्यांनीं रोजनिशी लिहिली. तिचे खंड दिल्लीस तीनमूर्ति येथील संग्रहालयांत आहेत. ता. १९ मार्च १९३१ रोजीं ते रोमला मुसोलिनीस भेटले आणि तेथील तरुणांच्या लष्करी शिक्षणसंस्था पाहून आल्या, ह्याचें वर्णन त्यांनीं स्वहस्तें केलें आहे. इटालियन संशोधिका मार्झिया कासोलारी यांनीं इ. स. २००० त हा भाग पुढें आणला. हें काम मोलाचें आहे, आणि ह्या कागदाकडे डोळेझांक करणारीं चरित्रें अपुरीं आहेत असें आम्ही स्पष्ट म्हणतों. ता. ३१ जानेवारी १९३४ रोजीं फॅसिझम व मुसोलिनी ह्या विषयावर भरलेल्या एका परिषदेचे अध्यक्ष हेडगेवार होते, हीहि गोष्ट ह्याच शोधांतून पुढें आली. तेव्हां त्यांस ह्या विषयाचें औत्सुक्य नव्हतें असें म्हणतां येत नाहीं. परंतु संघाची मूळ रचनाच इटलीवरून उचलली, असें जें विधान कित्येक करितात, त्यास ही रोजनिशी आधार देत नाहीं. गणवेश, कवाईत व शिक्षणवर्ग मुंज्यांच्या प्रवासाच्या आधींचे आहेत. त्यांचें मूळ १९२० च्या स्वयंसेवक पथकांत आणि नागपूरच्या आखाड्यांत शोधावें लागतें. कारण कार्याच्या आधीं यावें लागतें. मुंज्यांची रोजनिशी मुंज्यांच्या मनाविषयीं पहिल्या प्रतीची साक्ष आहे. हेडगेवारांच्या मनाविषयीं ती दुसऱ्या प्रतीची आहे.

सुभाषचंद्र बोस यांच्या भेटीच्या कथेंत तर दोन बखरी समोरासमोर उभ्या आहेत. संघीय चरित्रांप्रमाणें ता. २० जून १९४० रोजीं, म्हणजे मृत्यूच्या आदल्या दिवशीं, बोस डॉक्टरांस भेटावयास आले. डॉक्टरांचा डोळा लागलेला पाहून ते नमस्कार करून परतले. त्याच दिवसांत फॉरवर्ड ब्लॉकचें अधिवेशन नागपुरास होतें, तेव्हां बोस त्या शहरांत होते ही गोष्ट स्वतंत्रपणें सिद्ध आहे. दुसरी कथा बाळाजी हुद्दारांची. हे संघाचे पहिले सरकार्यवाह. पुढें ते स्पेनच्या यादवींत इंटरनॅशनल ब्रिगेडमधून लढले आणि डाव्या पक्षाकडे वळले. इ. स. १९७९ त त्यांनीं लिहिलें कीं, १९३९ त बोसांच्या वतीनें आपण देवळालीस डॉक्टरांकडे गेलों असतां त्यांनीं आजाराचें निमित्त सांगून भेट टाळली. हुद्दार प्रत्यक्षदर्शी आहेत, म्हणून त्यांची साक्ष टाकून देतां येत नाहीं. परंतु ती चाळीस वर्षांनंतरची आणि पक्ष बदलल्यानंतरची आहे. त्या वर्षीं देवळालीस डॉक्टर आजारी होते हें चरित्रकारहि सांगतात. आजार होता कीं निमित्त होतें, हें एकट्या हुद्दारांच्या शब्दावर ठरत नाहीं आणि एकट्या चरित्रकाराच्या शब्दावरहि ठरत नाहीं. दोन्ही कथांतून निघणारा समान अंश एवढाच कीं, बोसांच्या बाजूनें भेटीची इच्छा होती आणि संभाषण झालें नाहीं. इतिहासानें तूर्त तेवढेंच घ्यावें.

शेवटीं मौनाविषयीं. बखरीची परीक्षा ती काय सांगते ह्यावरून होते, तशीच ती काय सांगत नाहीं ह्यावरूनहि होते. सप्टेंबर १९२७ त नागपुरास हिंदु-मुसलमानांचा दंगा झाला. संघाच्या वाढीच्या इतिहासांत ह्या दंग्यास मोठें स्थान आहे, आणि चरित्रांत त्याचें वर्णन येतें तें सर्वस्वी एका बाजूच्या तोंडून. महालाच्या शेजारीं राहणाऱ्या मुसलमान कुटुंबांनीं ते दिवस कसे पाहिले, सरकारी चौकशींत काय आढळलें, दवाखान्यांत कोण आणले गेले, ह्यांचा मागमूस तेथें नाहीं. मोंगल तवारिखा न वाचतां केवळ मराठी बखरींवरून सत्तावीस वर्षांच्या युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्यास आपण काय म्हणतों? तेंच माप येथें लावावें. दुसरें मौन मुंज्यांविषयीं. विद्यार्थी हेडगेवारांस कलकत्त्यास जाण्यास साहाय्य करणारे, पाँडिचेरीचा उद्योग करणारे मुंजे पुढील चरित्रांतून उत्तरोत्तर लहान होत जातात. संस्थापक एकटा उभा दिसावा म्हणून त्याच्या शेजारचीं माणसें पुसट करणें ही बखरकारांची जुनी खोड आहे.

ह्या छाननीनंतर काय उरतें? आमच्या मतें पुष्कळ उरतें. लहानपणीं पोरका झालेला, दुसऱ्याच्या साहाय्यानें शिकलेला, डॉक्टर होऊनहि दवाखाना न थाटलेला, काँग्रेसच्या चळवळींत दोनदां तुरुंगांत गेलेला, आणि तरीहि काँग्रेसच्या बाहेर, केवळ हिंदूंसाठीं, लेखी नियमांवांचून एक संघटना पंधरा वर्षें वाढवीत राहिलेला माणूस उरतो. ह्या संघटनेचे परिणाम देशाच्या इतिहासावर किती खोल झाले आणि त्यांविषयीं किती तीव्र मतभेद आहेत हें सांगावयास नको. परिणाम इतके मोठे असल्यामुळेंच मुळाचा कागद शुद्ध असला पाहिजे. जो अशुद्ध कागदावर स्तुति करितो त्याची स्तुति टिकत नाहीं. जो अशुद्ध कागदावर दोष देतो त्याचा दोषारोपहि टिकत नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची एक विनंती आहे. नागपूर, वर्धा, यवतमाळ, अकोला, पुणें येथील जुन्या घरांतून त्या काळचे रुमाल अजून पडलेले असतील. शाखेच्या वह्या, कार्यक्रमांचीं हस्तपत्रकें, तुरुंगांतून आलेलीं कार्डें, मागें नांवें लिहिलेलीं सामुदायिक छायाचित्रें, 'महाराष्ट्र' व 'स्वातंत्र्य' ह्या पत्रांचे सुटे अंक, ह्यांपैकीं कांहींहि क्षुल्लक समजूं नये. केवळ संघाच्या घरांत शोधून भागणार नाहीं. काँग्रेसच्या, हिंदुसभेच्या, साम्यवाद्यांच्या आणि मुसलमानांच्या घरांतहि शोधलें पाहिजे. पत्र पाकिटापासून वेगळें करूं नये, कारण टपालाचा शिक्का हीच कित्येकदां तारखेची एकमेव साक्ष असते. कागद कोठें, कोणाकडे व कोणत्या बस्त्यांत मिळाला हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. आपल्या मताविरुद्ध जाणारा कागद हातीं आला तर तो अधिकच जपावा.

कारीच्या जेध्यांच्या घरांतून निघालेली शकावली इ. स. १९१६ त प्रसिद्ध झाली. तिच्यांतील एका लहानशा नोंदीमुळें शिवछत्रपतींची बखरींतून चालत आलेली जन्मतिथि पुन्हां तपासावी लागली. ती शकावली जपणाऱ्या जेधे घराण्यास ह्या वादाची कल्पना नव्हती. त्यानें केवळ कागद जपला होता. डॉक्टरांच्या चरित्राचें अस्सल साधनहि असेंच कोणाच्या तरी माळ्यावर पडलेलें असण्याचा संभव आहे. तें वाळवीच्या आधीं संशोधकाच्या हातीं पडावें, एवढीच आमची इच्छा आहे.